कॅन्सर गेला, फाइल कुठंय?

लहानपणी कॅन्सरमधून बरी झालेली मुलं आता कॉलेजात आहेत. एखादं तुमच्याच बेंचवर बसत असेल. तेव्हा आपल्या शरीरात नेमकं काय काय गेलं, हे त्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही. आणि पुढच्या तब्येतीचा सगळा हिशेब तिथंच अडकलाय.

समजा, तुम्ही सहा वर्षांचे आहात. ताप उतरत नाहीये, अंगावर निळसर डाग उठलेत, दात घासताना रक्त येतंय. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाबांना बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी नागपूर, आठवडाभरात मुंबई. रक्ताचा कॅन्सर. पुढची दोन-अडीच वर्षं तुम्हाला आठवतात ती तुकड्यातुकड्यांत. सलाईनची बाटली, उशीवर पडलेले केस, वॉर्डातल्या टीव्हीवरचा छोटा भीम, आणि नळ सोडून बाथरूममध्ये रडणारी आई. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, झालं, आता घरी जायचं. शाळेत एक वर्ष मागं पडलात, तेही भरून काढलंत. आज तुम्ही बीएस्सी सेकंड इयरला आहात आणि पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर असता.

आता एक प्रश्न. त्या अडीच वर्षांत तुम्हाला कुठली औषधं दिली होती? आणि एकूण किती?

नाही ना सांगता येत? सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार! आईबाबांना विचारलं तर तेही म्हणतील, "फाइलमध्ये असेल सगळं." आणि फाइल कुठंय विचारलं, तर इकडेतिकडे बघतील.

एका आकड्याची गोष्ट

मुलांच्या बऱ्याच कॅन्सरवर डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही औषधं देतात. रंगानं लालभडक. दिल्यावर लघवीसुद्धा लाल होते, त्यामुळं ज्यांना थोडंफार आठवतं त्यांना ते ‘लाल इंजेक्शन’ म्हणून आठवतं. औषध गुणी आहे, त्याच्यामुळं कितीतरी मुलं वाचली. पण कॅन्सरच्या पेशींबरोबर ते हृदयाच्या स्नायूंनाही दुखावतं. आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकदा गेल्या की नव्यानं जवळपास तयार होत नाहीत. सहा वर्षांचं छोटं शरीर उरलेल्या पेशींवर भागवून नेतं. तेच शरीर वीस वर्षांचं, साठ किलोचं झालं की तेवढ्याच पेशींना दुप्पट-तिप्पट काम ओढावं लागतं. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. ईसीजी नॉर्मल, रंग गोरागोमटा, सगळं छान. मग कधीतरी जोर लावायची वेळ येते आणि दम लागतो. कुणाला भरतीच्या १६०० मीटरला, कुणाला जिममध्ये जड वजन उचलताना, एखादीला थेट बाळंतपणात.

हे आधी पकडता येतं. टू डी इको नावाची साधी तपासणी आहे, सुई नाही की काही नाही, अर्ध्या तासाचं काम. हृदयाचं पंपिंग कमी व्हायला लागलं तर ते लक्षणं दिसायच्या आधी कळू शकतं आणि गोळ्या वेळेवर सुरू करता येतात.

मग सगळ्यांनीच दरवर्षी करावी का? नाही, आणि इथंच तो आकडा येतो. या गटातल्या औषधांची एकूण मात्रा मोजतात शरीराच्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम, अशी. ही बेरीज २५० किंवा त्याहून जास्त असेल तर जोखीम मोठी, साधारण दर दोन वर्षांनी इको. १०० ते २५० च्या मध्ये असेल तर दर पाच वर्षांनी. १०० च्या खाली असेल तर सहसा ठरावीक इकोची गरज पडत नाही. छातीवर रेडिएशनही झालं असेल तर गणित पुन्हा बदलतं. जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेले हे आकडे आहेत. तुम्ही चंद्रपुरातल्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर बसलात आणि म्हणालात, "सर, लहानपणी मला कॅन्सर होता," तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार. किती डोस झाला होता?

तो आकडा तुमच्या डोक्यात नाही, आईच्याही नाही. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत तो दिसत नाही. तो फक्त कागदावर आहे.

(आणि हो, हे वाचून धावणं बंद करू नका. बरे झालेल्यांनी व्यायाम आवर्जून करायचा असतो. फक्त लाल इंजेक्शन झालं असेल तर आधी इको, मग गोळाफेक.)

हृदय हे झालं एक उदाहरण. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं. मग वजन वाढतं, झोप येते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि घरचे म्हणतात आळशी झालास. सिस्प्लॅटिन नावाचं औषध कानावर जातं. त्यात बहिरेपण एकदम येत नाही, आधी बारीक, उंच आवाज जातात. माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘स’ आणि ‘श’ गळून पडतात. असा मुलगा लास्ट बेंचवर बसला की सरांना वाटतं याचं लक्ष नाही. त्याला स्वतःलाही तसंच वाटत असतं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की तुझ्या औषधानं असं होऊ शकतं. स्टेरॉइडनं खुब्याचं हाड कमजोर होऊ शकतं. डोक्यावर लहान वयात रेडिएशन झालं असेल तर उंची खुंटते, गणितं सोडवायला वेळ जास्त लागतो. काही औषधांमुळं पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. लहानपणी किंवा टीनएजमध्ये छातीवर रेडिएशन झालं असेल, हॉजकिन्स लिम्फोमामध्ये पूर्वी ते सर्रास व्हायचं, तर स्तनाच्या कॅन्सरची तपासणी चाळिशीपर्यंत थांबवायची नसते. पंचविसाव्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी. पंचविशीतली मुलगी मॅमोग्राफी करायला गेली तर काउंटरवरचे लोक चकित होऊन बघतील. बघू देत. तुमच्याकडं कारण लिहिलेला कागद असला की झालं.

भावंडांशी तुलना

हे सगळं घाबरवायला लिहिलंय असं वाटत असेल तर आकडे सांगते. अमेरिकेत १९९४ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेल्यांचा. त्यातले १०,३९७ जण मोठे झाल्यावर कसे आहेत, हे २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. त्यांचं सरासरी वय किती होतं माहितीये? साडेसव्वीस. म्हणजे म्हातारपणाच्या दुखण्यांचा प्रश्नच नाही. तरी त्यातल्या ६२ टक्के लोकांना किमान एक जुनाट आजार होता आणि २७ टक्क्यांना गंभीर किंवा जिवावर बेतणारा. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली तेव्हा गंभीर आजाराचं प्रमाण आठ पट निघालं. एकाच घरातलं जेवण, तीच हवा, तेच आईबाप. फरक आजाराचा आणि उपचाराचा.

हे लोक १९७० ते १९८६ दरम्यान आजारी पडले होते, हेही सांगायला पाहिजे. तेव्हा रेडिएशन जास्त आणि अंदाजानं द्यायचे. अशा अभ्यासांतूनच डॉक्टर शिकले आणि उपचार सौम्य होत गेले. आजच्या मुलांवर त्याचा परिणाम नक्कीच कमी असेल. शून्य नसेल.

मुळात हा प्रश्न पडावा इतकी मुलं वाचायला लागली, हीच मोठी बातमी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, तर कितीतरी गरीब देशांत ३० टक्केसुद्धा नाही. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत, असं लक्ष्य त्यांनी २०१८ मध्ये ठेवलं. समजा ते गाठलं, तर वाचलेली ही लाखो मुलं पुढं कॉलेजात जातील, नोकरीला लागतील, लग्न करतील. त्यांच्याकडं कोण बघणार, हा विचार लक्ष्याच्या पुढचा आहे.

आपल्याकडं तो विचार एका जागी बराच आधी झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी ‘आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी’ म्हणजे उपचार संपल्यानंतरचं क्लिनिक सुरू केलं. लोक त्याला ‘ॲक्ट क्लिनिक’ म्हणतात. भारतातलं हे अशा प्रकारचं पहिलं. उपचार संपून दोन वर्षं झाली आणि आजार परत आला नाही, की मूल या क्लिनिकमध्ये येतं. इथं कॅन्सर शोधणं हे एकच काम नसतं. उंची, वजन, हृदय, कान, दात, शाळा, मूड, सगळं बघतात. पुढं मोठं होऊनही लोक येत राहतात. तिथूनच बरे झालेले तरुण २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं एकत्र आले आणि ‘उगम’ नावाचा गट झाला. आत्ता वॉर्डात असलेल्या मुलांच्या आईबापांसमोर ते जाऊन उभे राहतात. त्या आईला औषधाच्या माहितीपेक्षा समोर उभा असलेला, बाईकची चावी बोटावर फिरवणारा पंचविशीतला पोरगा बघून जास्त धीर येत असणार. नाव पण भारी आहे. आपल्याला ‘उगम’ म्हटलं की नदीच आठवते.

आपण बातम्यांत काय वाचतो? युवराज सिंगला २०११ च्या वर्ल्ड कपनंतर छातीत ट्यूमर निघाला, केमो झाली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. शरद पोंक्षे हॉजकिन्स लिम्फोमाचे उपचार घेऊन ‘हिमालयाची सावली’ नाटकातून रंगमंचावर परत आले. अशा बातम्या वाचायला मजा येते, येऊ द्या. पण बातमी परत येण्यापाशी संपते. मॅच संपल्यावर, पडदा पडल्यावर, दहा वर्षांनी कोण कुठल्या तपासणीला जातं, याची बातमी होत नाही. सिनेमात तर हिरो एक तर शेवटी मरतो नाहीतर टाळ्या वाजतात. इको करायला रांगेत बसलेला हिरो मी तरी पाहिला नाही.

फिट्झह्यू मुलन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरनं १९८५ मध्येच हे लिहून ठेवलंय. ऐन बत्तिशीत त्यानं स्वतःच्याच छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात स्वतःचा कॅन्सर पाहिला. बरं झाल्यावर त्यानं मांडलं की रुग्ण एका दिवसात ‘बरा’ होत नाही, त्याचे ऋतू असतात. आधी उपचाराचा धावपळीचा, मग भीतभीत वाट बघण्याचा, आणि नंतर कायमचा, ज्यात आजार गेलेला असतो पण उपचाराच्या खुणा, नोकरी, विमा, नाती यांचे प्रश्न सुरू होतात. आपल्याकडं दुसऱ्या ऋतूपर्यंत सगळे सोबत असतात. तिसऱ्यात माणूस एकटा पडतो.

अठरा ते पंचवीस

आणि तिसरा ऋतू नेमका सुरू होतो आपल्या वयात. का ते बघा.

अठराव्या वर्षापर्यंत फॉलोअपची तारीख आई लक्षात ठेवते. त्यानंतर तुम्ही हॉस्टेलला जाता, नागपूर-पुण्याला रूम घेता, आणि तारीख कुणाचीच उरत नाही. लहान मुलांच्या विभागातले डॉक्टर म्हणतात आता मोठ्यांच्या ओपीडीत जा, तिथले डॉक्टर म्हणतात तुम्हाला तर काही झालेलं दिसत नाही. कितीतरी पॉलिसींमध्ये मुलं आईवडिलांच्या विम्यात पंचविसाव्या वर्षापर्यंतच असतात, तेही संपतं. बरं वाटत असतं, पेपर असतात, कशाला जायचं?

घरातला अबोला हे अजून एक. "आता कशाला ते उकरायचं, गेलं ना सगळं?" असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते, तिला ते दिवस परत बघायचे नसतात. मुलगी असेल तर लग्नाचं टेन्शन वेगळं, म्हणून नातेवाइकांना ‘टायफॉइड झाला होता’ सांगितलेलं. काही मुलांना आपल्याला नेमका कॅन्सरच झाला होता, हेसुद्धा दहावी-बारावीनंतर कळतं, तेही मावशीच्या तोंडून चुकून निसटलेल्या वाक्यातून. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पोरी याच भीतीत गप्प राहतात. लहानपणी कॅन्सर झालेल्यांच्या मुलाबाळांना कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त नसतो. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमासारखे काही थोडे अनुवंशिक कॅन्सर याला अपवाद, त्यात आधीच सल्ला घ्यावा लागतो.

ऊर्जानगरसारख्या वसाहतीत तर अजून एक भानगड आहे. २,९२० मेगावॉटचं केंद्र, त्याच्या कुशीत क्वार्टर्स. बाबांची बदली आली की बिऱ्हाड उचलायचं. कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ. रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं. प्रत्येक पॅकिंगमध्ये पहिल्यांदा काय जातं? जुने कागद. उरलेलं वाळवी बघते. क्वार्टर सोडताना गॅसचं कार्ड, दहावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला सगळे सांभाळतात. दवाखान्याची फाइल ‘ईश्वरकृपेनं लागायला नको’ म्हणून मागं राहते किंवा रद्दीत जाते. गंमत म्हणजे इथं प्रत्येकाला माहीत असतं की चांगलं चालणारं युनिटसुद्धा ठरल्या वेळी बंद करून ओव्हरहॉल करावं लागतं आणि त्याची नोंद ठेवावी लागते. हीच शिस्त घरातल्या माणसाला कुणी लावत नाही.

हॉस्पिटलात कागद असतीलच, या भरवशावर राहू नका. डॉक्टरांसाठी जे नियम आहेत, २००२ चे, त्यांत भरती रुग्णांचं रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवायला सांगितलंय. मोठी हॉस्पिटलं त्याहून कितीतरी जास्त ठेवतात, पण सगळीच नाहीत. त्याच नियमांत आपल्या कामाची दुसरी ओळ आहे. रुग्णानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत कागद द्यायला हवेत. म्हणजे तुम्ही मागू शकता. उपकार म्हणून नाही.

काकांचंही तेच

आपल्या भागात कॅन्सर म्हटलं की बोलणं एक तर चिमणीच्या धुरावर येतं नाहीतर खर्‍यावर. धुराचा वाद लांबचा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. खर्‍याचा वाद कधीच मिटलाय. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा, यातली सुपारी आणि तंबाखू दोन्ही तोंडाचा कॅन्सर करतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पानठेल्यावर खर्रा मात्र मिळतोच. चंद्रपूर-गडचिरोलीत असं घर शोधावं लागेल जिथं ओळखीतल्या कुणाच्या जबड्याचं ऑपरेशन झालं नाही.

ते काका ऑपरेशन आणि रेडिएशन करून घरी येतात. गाव म्हणतं, सुटले. आणि मग? शरद पवारांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २००४ मध्ये त्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. दात काढावे लागले, तोंड उघडेना, गिळायला-बोलायला त्रास झाला, हे त्यांनीच जाहीर भाषणांत सांगितलंय. त्यानंतरही ते किती वर्षं प्रचार करत फिरले ते आपण बघितलं. पण त्यांच्याभोवती डॉक्टरांची फौज असणार. दुर्गापूरच्या काकांच्या भोवती तुम्ही आहात.

म्हणून हे लक्षात ठेवा. रेडिएशननंतर तोंडाचे व्यायाम सोडले तर जबडा आखडत जातो आणि मग भातसुद्धा चमच्यानं कोंबावा लागतो. लाळ कमी झाल्यानं दात झपाट्यानं किडतात. आणि किडला म्हणून चौकातल्या डेंटिस्टकडं जाऊन दात उपटला, डॉक्टरांना रेडिएशनचं सांगितलंच नाही, तर जबड्याचं हाड न भरता सडू शकतं. दातांच्या डॉक्टरला पहिलं वाक्य तेच सांगायचं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा महिने ते वर्षानं. आणि खर्रा पुन्हा सुरू झाला असेल, लपूनछपून होतोच, तर तोंडात, घशात, अन्ननलिकेत दुसरा नवीन कॅन्सर होऊ शकतो. पहिला परत आला असं लोक म्हणतात. बऱ्याचदा तो पहिला नसतोच.

मग करायचं काय

घरी विचारा. सरळ. "आई, माझी तेव्हाची फाइल दे." ती रडेल कदाचित, रडू दे, पण द्यायला सांगा. सापडली तर आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. नाही सापडली तर जिथं उपचार झाले तिथं अर्ज करा. जुनं केस पेपर, केस नंबर, डिस्चार्जचा तुकडा, काहीही हाताशी असलं तर शोध सोपा होतो. काहीच नसेल तर नाव, जन्मतारीख आणि साधारण साल.

तिथून तुम्हाला एक पानभर सारांश हवाय. ‘ट्रीटमेंट समरी’ म्हणून मागा. आजाराचं नाव आणि तो कधी निघाला, कुठली औषधं, प्रत्येकाची एकूण मात्रा, रेडिएशन कुठं आणि किती ग्रे, कुठलं ऑपरेशन, रक्त चढवलं होतं का, आणि उपचार कुठल्या तारखेला संपले. त्याखाली पुढं कुठली तपासणी किती वर्षांनी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. वर सांगितलेले इकोचे आणि मॅमोग्राफीचे आकडे तुमच्याबाबतीत लागू होतात का, ते डॉक्टरच ठरवतील. हा लेख नाही. हे एक पान पाकिटात ठेवा. उद्या अपघात झाला, गरोदर राहिलात, शहर बदललं, तरी नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

यासाठी दरवेळी मुंबई गाठायची गरज नाही. इको, थायरॉइड, कानाची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि चंद्रपुरातही टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज निधी यांच्या भागीदारीतून कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलंय. तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले. मुंबईला गेलात तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. विदर्भातून निघालेल्या रुग्णाला दोन्ही टोकांना आपलीच माणसं भेटतात. सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलाला मात्र चंद्रपूरसुद्धा अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे, आणि तिथं हे सगळं सांगणारं कुणी नसतं. तिकडचा कुणी तुमच्या हॉस्टेलला असेल तर त्याला हा लेख दाखवा.

नवा विमा घेताना फॉर्ममध्ये जुना कॅन्सर लपवायचा मोह होतो. लपवू नका, क्लेम नाकारायला तेवढंच कारण पुरतं. २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. म्हणजे बाविसाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी पंचविशीत कामाला येते. नोकरी लागल्यावर बघू म्हणाल तर तेवढाच उशीर.

आणि तुम्हाला स्वतःला काही झालं नव्हतं, मित्राला झालं होतं, तर? "आता ठीक आहेस ना?" एवढं विचारून विषय बदलू नका. "तुझी पुढची तपासणी कधी आहे, मी येऊ का सोबत?" असं विचारा. सोबतीचा खर्चही वाटतो तेवढा नाही. कॅन्सर रुग्णांना रेल्वेची सवलत उपचारासाठी असते तशीच ठरावीक तपासणीसाठीही असते, हे खूप जणांना माहीतच नाही. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. या खेपेला गेलात की पुढच्या खेपेचं प्रमाणपत्र तिथंच मागून घ्या, म्हणजे बल्लारशाहच्या खिडकीवर आयत्या वेळी धावपळ होणार नाही.